एकेचाळीस–एकेचाळीस

"बॅटरीचं म्हणाल, तर मग त्यांचाच फोन घ्या," निळ्या शर्टातला नवरा गिऱ्हाइकाला म्हणाला, आणि शेजारच्या काउंटरवर जांभळ्या शर्टातल्या बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला.

गेली तीन वर्षं याच दुकानात, काचेच्या दोन शेजारशेजारच्या काउंटरांवर, दोघं दोन हाडवैरी कंपन्यांचे फोन विकत होते. दारातून आलेल्या गिऱ्हाइकाला आधी हाक कोणी मारली यावरून घरी अबोला व्हायचा. तिच्या फोनला तो डबडं म्हणायचा, त्याच्या फोनला ती वीट. आणि आज, महिन्याच्या शेवटच्या दुपारी, पाच वाजायला अर्धा तास उरला असताना, त्या डबड्याची बॅटरी एकाएकी चांगली झाली होती.

निळ्या कंपनीने जांभळीला गिळलं होतं, त्याचा हा प्रताप. दोघांना एकच संदेश आला होता: यापुढे एका दुकानात एकच माणूस. महिन्याच्या शेवटच्या दिवशी पाचपर्यंत ज्याची विक्री जास्त, तो राहील. विक्री सकाळपासून एकेचाळीस-एकेचाळीसवर अडून बसली होती.

"काहीतरीच काय!" ती मध्ये पडली. गिऱ्हाईक, म्हणजे कोर्टातून निवृत्त झालेले एक म्हातारे कारकून, दोन हातांत दोघांचे दोन फोन घेऊन उभे होते. "काका, नातवाचे फोटो काढायचेत ना तुम्हाला? मग त्यांचा कॅमेरा बघा. आमच्यात दिवे लावले तरी काळोखच येतो."

"आणि आवाज?" नवरा इरेला पेटला. "आमच्या फोनवर माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. त्यांचा बघा कसा खणखणीत आहे."

"खणखणीत आहे, पण तापतो, काका. खिशात ठेवलात तर चटका बसेल."

कारकुनांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुम्ही दोघं एकमेकांचे कोण?"

"नवरा-बायको," ती म्हणाली. खोटं सुचायला वेळच नव्हता.

"चाळीस वर्षं कोर्टात काढली मी," कारकून म्हणाले. "दोन्ही पक्ष भांडत असले, तर निदान एकाचं तरी खरं निघायचं. पण दोन्ही पक्ष एकमेकांचं कौतुक करायला लागले, की साहेब सरळ दोघांच्याही घराची झडती घ्यायला लावायचे." त्यांनी दोन्ही फोन जपून काचेवर ठेवले आणि ते तिसऱ्या काउंटरकडे वळले. तिथे पिवळ्या कंपनीचा माणूस होता, त्याला सगळं दुकान टकलू म्हणायचं. त्याने फारसं तोंडही न उघडता दहा मिनिटांत फोन खपवला.

कारकून पायरी उतरेपर्यंत तिने कसाबसा दम धरला.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं दानशूर व्हायला?"

"आणि तू काय चालवलं होतंस?"

"माझं मी बघेन. तुम्ही सेहेचाळीसचे झालात. मागची कंपनी बुडाली तेव्हा सहा महिने गॅलरीत खुर्ची टाकून बसला होतात. दाढी नाही, बोलणं नाही. मी हाक मारली की दचकायचात. ते पुन्हा मला बघवणार नाही."

नवरा काच पुसत राहिला. ती काच त्याची नव्हती, तिची होती.

"तुझ्या आईशी बोलताना तू या काउंटरला 'माझं दुकान' म्हणतेस," तो म्हणाला. "ऐकलंय मी."

तिने त्याच्या हातातलं फडकं ओढून घेतलं. इतका राग आला होता त्याचा, आणि इतकी माया, की कशावर आधी ओरडावं तेच कळेना.

पाच वाजले. दोन्ही फोन एकदम वाजले. 'विक्री समान. दोघांपैकी जो नोकरी सोडणार असेल, त्याने दहा मिनिटांत होय असे कळवावे.'

ती पाठ करून उभी राहिली. 'होय' लिहायला कितीसा वेळ लागतो! पाठवून वळली, तर नवरा फोन खिशात सरकवत होता. चेहरा अगदी साळसूद.

"काय केलंत?"

"कुठे काय. तू?"

"मी कशाला काय करू?"

दोन्ही फोन पुन्हा एकदम वाजले. 'आपला राजीनामा स्वीकारला आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' तिने आपला वाचला, मग त्याच्या हातातून ओढून त्याचा वाचला. एका अक्षराचाही फरक नव्हता.

"अहो, एकदा!" तिचा आवाज दुकानभर गेला. "आयुष्यात एकदा तरी मला विचारून करा ना काहीतरी!"

"तू विचारलंस?"

टकलू केव्हाचा कान देऊन ऐकत होता. काय झालंय ते त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो आपल्या काउंटरवरून पुढे वाकला. "वहिनी, आमच्याकडे माणूस हवाय. उद्यापासून आलात तरी चालेल. फक्त जागा एकच आहे हं, आधीच सांगून ठेवतो."

"यांना घ्या," ती म्हणाली.

"हिला घ्या," तो म्हणाला.

दोघंही एकाच दमात. आणि लगेच एकमेकांकडे डोळे वटारून उभे राहिले.

टकलूने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि मुकाट्याने फडकं उचलून पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली.