माहीत नाही

क्लीव्हलंडमधलं ते दुमजली लाकडी घर हुडाकच्या बापाने घेतलं, तेव्हाच जुनाट होतं. अशा घरांच्या रंगात शिसं असतं आणि ते पोटात गेलं की लहान पोरांचं डोकं कायमचं मंदावतं. म्हणून कायदा असा, की शिसं आहे हे माहीत असेल तर घरमालकाने भाडेकरूला ते आधी लेखी सांगायचं. हुडाकने त्यावर सोपी युक्ती काढली होती. रंग कधी तपासूनच घ्यायचा नाही. मग दर नव्या भाडेकरूसमोर तो 'माहीत नाही'च्या चौकोनात बिनधास्त खूण करायचा, आणि ते खोटंही नसायचं.

आज रोशेल आली होती, कडेवर वर्षाची पोर घेऊन.

"वाच आणि सही कर," त्याने कागद पुढे सरकवला.

"माझ्या वाचण्यावर राहिलात तर संध्याकाळ होईल, काका. लहानपणापासून डोक्यात काही शिरतच नाही माझ्या. शाळेनेसुद्धा हात टेकले."

"विशेष काही नाहीये त्यात. इथे कर."

तिने एकेक अक्षर कोरत सही केली. हुडाकने कागद घडी करून खिशात टाकला. रोशेलने पोरीला खिडकीपाशी उभं केलं आणि चौकटीवरून मायेने हात फिरवला.

"तुमचे वडील होते ना, तेव्हा आम्ही इथेच राहायचो. ह्या खिडकीचे पोपडे काढून खायचे मी. गोड लागायचे."