शितलची दुरडी

शितलनं तिजेची दुरडी दोन्ही हातांनी उचलली आणि तांड्याच्या नायकाच्या अंगणात उपडी आपटली.

घागरी घेऊन उभ्या असलेल्या पोरी जागच्या जागी थिजल्या. उद्या तिजेची बोळवण, दुरड्यांमधली रोपं पाण्यात सोडायचा दिवस होता. श्रावणातले इतके दिवस तांड्यावरच्या पोरींनी दुरड्यांमध्ये गहू पेरून, सकाळ-संध्याकाळ गाणी म्हणत त्याला पाणी घातलं होतं. रोपं वीतभर झाली होती. आणि आज पोरी शितलला सोडून विहिरीवर जाऊन आल्या. ती धावत आली, तेव्हा तिच्या दुरडीची माती ओली झालेली होती. तिची मैत्रीण रविनानं आपल्या घागरीतलं पाणी तिच्याही गव्हाला घातलं होतं.

"मी मेले असं समजून घातलं का गं पाणी?" शितलचा आवाज चिरकला. "सांगा की तोंडावर, नको म्हणून."

"अगं, तुझ्यासाठीच घातलं ना तिनं," तिचा बाप भावसिंग पुढं झाला. "उगंच काहून..."

पारुबाईनं नवऱ्याची बाही धरली. "आत्ता न्हाई," ती हळूच म्हणाली.

भावसिंगनं ओठ मिटले. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी शितलच्या आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं होतं, ते दोघांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. एवढं मात्र राहिलं होतं: कुणी आपल्याला टाकून जाईल, या भीतीनं ही पोर होरपळते. तेव्हा आधी तिला काय लागलं ते ऐका, खरं काय घडलं ते मागाहून सांगा. पारुबाईला ते पाठ होतं. पण सगळा तांडा बघत असताना करून दाखवणं अवघड होतं. गेल्या तिजेला अशाच भांडणानंतर शितलनं घरात जाऊन आतून कडी लावली होती. दार मोडून तिला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. आत्ताही तिची नजर घराकडंच होती.

पारुबाई तिच्या शेजारी मातीत बसली.

"तुला टाकून गेल्या," ती म्हणाली. "लई लागलं तुला."

"तुला काय करायचंय?"

"जीव कालवला असंल, तुझ्याआधीच पाणी घातल्यालं बघून."

शितल भांडायला वळली होती, पण समोरून कुणी भांडतच नव्हतं. "तूबी जा, याडी," ती म्हणाली; आईला ती याडीच म्हणायची. "सगळ्याच जा."

"मी न्हाई जात. तू घरात गेलीस तर उंबऱ्यावर बसन. कडी मात्र लावू देणार न्हाई."

तेवढ्यात नायकीण केशरबाई पदर खोचत आली. "तिजेची दुरडी आपटली पोरीनं, आन् आई बसलीय समजूत काढत. उचल की गं पारू ते."

पारुबाईचा हात सवयीनं दुरडीकडं गेला. आजवर सगळं तिनंच उचललं होतं. फुटलेल्या बशा, भिंतीवर फेकलेला मोबाइल. शेजारणींची माफीही तीच मागून यायची. तिनं हात परत मांडीवर आणून ठेवला.

"ती उचलंल, काकी. माफीबी तीच मागंल. जरा दम धरा."

"आन् न्हाई उचलली तर?"

"तर उद्या बोळवणीत आमची दुरडी नसंल."

शितलनं चमकून आईकडं पाहिलं. मग ती उठली आणि तरातरा चालू लागली. भावसिंगचे पाय हलले. पारुबाईनं मान हलवून त्याला थांबवलं, पण ती स्वतःही उठायच्या बेतात होती. शितल घराच्या वाटेला लागली, दोन पावलांवर थांबली आणि लिंबाखालच्या रांजणाकडं वळली. झाकण काढून तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्यात बुडवले. राग अनावर झाला की असं करायचं, हे डॉक्टरीणबाईंनीच तिला शिकवलं होतं. घरी तिनं ते कधी केलं नव्हतं.

"अगं, प्यायचं पाणी ते," केशरबाई म्हणाली.

"बुडवू दे," बाजेवरून नायक उत्तमसिंग बोलला. "पाणी काय, दुसरं भरता येतं."

शितलचे खांदे वरखाली होत होते, ते हळूहळू संथ झाले. मग ती ओल्या हातांनी परत आली, मातीत बसली आणि तिनं दुरडी बाजूला केली.

गव्हाची मुळं एकमेकांत अशी गुंतली होती की मातीचा ढेकळासारखा गोळा जसाच्या तसा निघाला. कडेची काही रोपं वाकली होती. शितलनं खालून दोन्ही पंजे घातले, तो गोळा उचलला आणि दुरडीत बसवला. पारुबाईनं हात लावला नाही.

"चुकलं माझं, काकी," शितल खाली बघत म्हणाली. "रांजण मी भरून देते."

केशरबाईनं पदर सोडला. "घासून भर," ती म्हणाली.

शितल रविनासमोर जाऊन उभी राहिली. "तुमी मला न घेता गेल्या की मला लई तकलीफ होते. जाताना हाक मारत जा."

"मारली होती की," रविना म्हणाली. "दार बंद होतं तुझं."

पारुबाईनं डोळे मिटून घेतले.

"मग जोरात मारायची," शितल म्हणाली.

रविनानं घागर खाली ठेवली, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि हातभरावर उभ्या असलेल्या शितलला अशी हाक घातली की गोठ्यातल्या शेळ्यांनी माना वर केल्या.

"आले की," शितल म्हणाली, आणि रांजण भरायला तिनं रविनाचीच घागर उचलली.