पलीकडचा काठ

"तिकडं नका टाकू, साहेब! अलीकडं टाका!" आपलं विमान नदी ओलांडायला लागलं तसे सुभेदार खानविलकर वायरलेसच्या माइकमध्ये ओरडले. उपयोग नव्हता. विमानातून हवाई छत्रीनं उतरताना सेट आपटला, तेव्हापासून आम्हाला ऐकू येई. आमचं बोलणं कुणालाच जात नसे.

दोन दिवस पूल धरा, रणगाडे येतायत, असा हुकूम होता. आज पाचवा दिवस. माझ्या रायफलीत चार गोळ्या उरल्या होत्या. पलीकडचा काठ काल हातचा गेला, हे वर कुणाला ठाऊकच नव्हतं.

आम्ही शर्ट काढून हलवले. पण पलीकडे शत्रूनं आमच्याच छत्र्या विमानाला खूण म्हणून गवतावर पसरून ठेवल्या होत्या. मघापासून धडधडणाऱ्या त्याच्या तोफा एकदम गप्प झाल्या. विमान निवांत खाली आलं. दारूगोळा, औषधं, बिस्किटं, सगळं तिकडं अलगद उतरलं.

सेट खरखरला. वैमानिक चक्क मराठीत बोलत होता. "पाच विमानं निघालो होतो, मी एकटाच पोचलो. मिळालं ना रे सगळं?"

सुभेदारांनी तोच मुका माइक तोंडाशी धरला.

"मिळालं, साहेब. आता जपून घरी जा."