झेलणारा
ओहायोतल्या आमच्या शाळेत कोच लुंडग्रेनांच्या निरोपाला आम्ही जुने कुस्तीगीर जमलो होतो. काठी टेकत एक अनोळखी म्हातारी आत आली आणि कोचचा चेहरा पांढराफटक पडला. "प्रेयसी लपवून ठेवली होतीत होय, कोच?" कुणीतरी चिडवलं. ती हसली. "यानं सांगितलं नाही तुम्हाला? सर्कशीत हा झुल्याला उलटा लटकून मला हवेत झेलायचा. एकदा मी पडले, पाय मोडला आणि हा सर्कसच सोडून गेला." बल्ब बदलायलाही शिडीवर न चढणाऱ्या कोचकडे आम्ही बघतच राहिलो. "मीच कमी पडलो, झ्डेंका," ते पुटपुटले. "वेड्या, झुला मीच उशिरा सोडला. तेच सांगायला आलेय." काठी माझ्याकडे देऊन ती बाकावर चढली आणि कोचकडे झेपावली. कोचनी तिची मनगटं हवेतच पकडली. कितीतरी वेळ तिचे पाय जमिनीला टेकू दिले नाहीत.