पातेल्याचा पोचा
शिल्पकार दियेसेल परदेशात वारल्यावर त्याच्या तिथल्या सुरुवातीच्या प्रयोगांचं प्रदर्शन त्याच्या गावी, जाकमेल बंदरातल्या गॅलरीत भरलं. तेलाच्या पिंपांचा पत्रा ठोकून घडवलेल्या जलपरीसमोर त्याची बायको एर्मिथ थबकली. जलपरीचं पोट म्हणजे तिचंच भाताचं पातेलं होतं. "आई, हात लावू नकोस," लेक कुजबुजली. "गप गं! माझ्याच पातेल्याला हात लावायची चोरी?" ही लेक पोटात असताना दियेसेल जेवायला उशिरा आला, म्हणून एर्मिथनं हेच पातेलं भिंतीवर भिरकावलं होतं. "पोचा काढून आत्ता आणतो, महाराणी," म्हणत तो हसत ते घेऊन गेला. बंदरावर त्याला मियामीला निघालेल्या नावेत जागा मिळाली, आणि तो परतलाच नाही. जलपरीचा बाकी पत्रा त्यानं ठोकून गुळगुळीत केला होता. एर्मिथची बोटं पातेल्यावरून फिरली. पोचा तसाच होता. "काम अर्धंच ठेवलंय मेल्यानं," ती पुटपुटली. "म्हणजे यायचं होतं त्याला."