चौथा अर्थ

सोमवार, दिनांक ५ मे २०२५, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. बियाणे कंपनीच्या तपासणी खोलीत सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या कागदावर उलगडून ठेवले होते, आणि ते मोजायला दैवशालाच्या खुर्चीत ज्योत्स्ना बसली होती.

थोरल्या लेकीच्या बाळंतपणासाठी घेतलेली तीस दिवसांची रजा संपवून दैवशाला एकतिसाव्या दिवशी कामावर आली होती. डब्याची पिशवी कुठे ठेवावी, हे तिला कळेना. एकोणीस वर्षे ती त्याच टेबलाखाली ठेवत आली होती.

“मावशी, इकडं या,” व्यवस्थापक हरिओम यांनी काचेच्या खोलीतून हाक मारली. त्यांनी फाइल उघडून तिचाच अर्ज तिच्यापुढे सरकवला. मुख्य कार्यालय परराज्यात आहे, तेव्हा रजेचा अर्ज इंग्रजीतच लागेल, असे त्यांनीच तिला बजावले होते. धाकट्या लेकीने, आकांक्षाने तो लिहून दिला होता.

“हे काय लिहिलंय? वाचा.”

दैवशालाला ते वाक्य पाठ होते. “आय गिव्ह अप माय टेबल टू ज्योत्स्ना फॉर थर्टी डेज.”

“म्हणजे?”

“म्हणजे माझं टेबल तीस दिवस ज्योत्स्नाच्या सुपूर्द केलं. आकांक्षानं क्लासची वहीच दाखवली ना मला. गिव्ह अपचे चार अर्थ हैत. सोडून देणं, हात टेकणं, आशा सोडणं, अन् सुपूर्द करणं. आम्ही चौथा घेतला.”

“अर्थ चार असतील, मावशी. फायलीला एकच लागतो.” हरिओम यांनी वाक्यावर पेनाचे टोक टेकवले. “गिव्ह अप म्हणजे सोडून दिलं. थर्टी डेज म्हणजे नोटिशीची मुदत. ती काल संपली. राजीनामा मंजूर होऊन आला.”

“अवो साहेब, राजीनामा दिला असता तर आज डबा घेऊन कशाला आले असते?”

“डब्याचं फायलीत काही लिहिलेलं न्हाई.” ते हसले. “मार्चात तो बियाण्याचा लॉट तुम्ही सहासष्ट टक्के उगवणीवर अडवला. पास व्हायला सत्तर लागतात, चारच दाण्यांचा सवाल है म्हणून किती समजावलं तुम्हाला. तवा गिव्ह अप केलं न्हाई. आता केलं, तेबी लेखी.”

दैवशाला काचेच्या खोलीतून बाहेर आली. टेबलाच्या खणात तिचे स्वतःचे भिंग होते. तेवढे घ्यायला ती गेली. ज्योत्स्ना गडबडून उठू लागली.

“बस, बस. मोजणी मोडू नको.”

भिंग हाती येताच सवयीने तिची नजर कागदावर गेली आणि ओठ हलू लागले. काही दाण्यांना कोंब फुटून तो जागीच कुजला होता. अशा दाण्यांना या खोलीतल्या बाया ‘हात टेकलेले’ म्हणत. ते उगवलेल्यांत धरायचे नाहीत, हे ज्योत्स्नाला तिनेच शिकवले होते. धड रोपे भरली अठ्ठावन्न.

“हे चौदा हात टेकलेले कशात धरलेस गं?”

“उगवलेल्यांत.” ज्योत्स्नाने मान वर केली नाही. “मला हे टेबल टिकवायचंय, मावशी.”

दैवशालाने भिंग पदराने पुसून पिशवीत टाकले. ती दारापर्यंत पोहोचली तेव्हा ज्योत्स्नाने नोंदवही ओढून घेतली होती. तिने लॉटचा क्रमांक लिहिला, दिनांक लिहिला आणि पुढच्या रकान्यात आकडा भरला.

उगवण : ७२.