वाकड्या टोकाची कात्री

गिऱ्हाईक कात्रीची धार बघतं. नूतन टोक बघत होती.

सुरतेच्या डिंडोली भागातल्या त्या शिलाईसामानाच्या दुकानात दुकानदार काकांनी काचेच्या काउंटरवर लहान कात्र्या मांडून ठेवल्या होत्या. ती एकेक उचलायची, टोक तळहातावर टेकवून हलकेच दाबायची आणि खाली ठेवायची. मध्येच मान वर करून दाराच्या काचेतून बाहेर बघायची. बाहेर तिचा नवरा ललित मोटारसायकलला टेकून उभा होता, कडेवर लेक. मे महिन्याचं ऊन, आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. मनगटावरची बटणंसुद्धा लावलेली.

“बेन, काटना क्या है, वो तो बोलो,” काका म्हणाले.

“बारीक धागा. गाठ के एकदम पास से.”

“साडी का?”

“जहाज का.”

काकांनी चष्मा वर केला. “हजीरा बंदर पर नौकरी लगी क्या?”

“छोटा जहाज, काका. लकडी का. शोकेस में रखते हैं वैसा.”

दिवाळीनंतर ललितनं स्वतःला इजा करून घेतली, तेव्हापासून घरात पातं असलेली वस्तू राहिली नव्हती. सासूबाईंची विळी शेजारच्या ताराबाईंकडे गेली होती. भाजी तिथूनच चिरून यायची. दाढीला न्हाव्याकडे जायचं. हातांना काहीतरी काम द्या, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून दिरानं लहानसं लाकडी गलबत जोडायचा संच मागवून दिला. ललितची उमर एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर गेलेली, दोरा त्याच्या बोटांचं ऐकायचा. डोलकाठ्या उभ्या राहिल्या, दोऱ्या ताणल्या गेल्या, आणि एका दुपारी जेवायला हाक मारली तर तो “थांब जरा” म्हणाला. सासूबाई ओट्याशी तोंड फिरवून रडल्या.

पण गाठ मारली की दोऱ्याची शेपटी उरते. ती त्यानं आधी दातानं तोडली. मग नूतननं नेलकटर दिलं. ते दोऱ्यांच्या जाळीत शिरेना. शेवटी तिनं बालवाडीतल्या पोरांची प्लास्टिकची कात्री आणली. त्या बोथट कात्रीनं शेपटीऐवजी शेजारची ताणलेली दोरीच कापली आणि अख्खी बाजू सैल पडली. ललित भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, दुसऱ्या दिवशीही उठला नाही. धारेला आपण भितो तसं बोथटपणालाही भ्यायला हवं, हे नूतनला तेव्हा कळलं.

“ये देखो.” काकांनी एक कात्री पुढे सरकवली. बोटभर लांब, टोकाशी किंचित वाकलेली. “गाठ के नीचे घुसेगी. बाजूवाला धागा बच जाएगा.”

तिनं पर्समधून दोऱ्याचा तुकडा काढला, गाठ मारली, शेपटी कापली. गाठीवर बोट फिरवलं तर काही लागलंसुद्धा नाही. अशीच हवी होती. मग तिनं टोक तळहातावर दाबलं आणि चटकन हात मागे घेतला.

“काका, ऐसीच, पण बिना नोकवाली नहीं है?”

“नोक निकाल दूँ तो फिर कैंची किस काम की, बेन?”

तेवढ्यात दार उघडलं. लेकीला तहान लागली होती, म्हणून ललित आत आला होता. बाटलीसाठी त्यानं हात पुढे केला, आणि त्याची नजर काउंटरवर गेली, मग नूतनच्या उघड्या तळहातावर. तिथं बारीक लाल ठिपके उठले होते. तिनं मूठ मिटली, पण त्यानं पाहिलं होतं.

त्यानं खुंटीवरची प्लास्टिकची कात्री काढली, तसलीच, गोल टोकाची. “हाईच चाली मले.”

“चालत नही. मागं काय झालं?”

“चाली.”

हल्ली त्याला सगळंच चालायचं. आळणी भात चालायचा, पंखा बंद असलेला चालायचा. आणि घरातही कुणी त्याला उलट बोलत नव्हतं. निजलेल्या बाळाच्या आजूबाजूला वावरावं तशी सगळी त्याच्याभोवती वावरत होती. तीसुद्धा. पावलं न वाजवता चालून चालून तिच्या पायांत गोळे आले होते.

नूतननं त्याच्या हातातली प्लास्टिकची कात्री काढून परत खुंटीला अडकवली. काउंटरवरची वाकड्या टोकाची उचलली, कात्रीची मूठ त्याच्याकडे केली आणि त्याच्या हातात दिली.

“अरे, अरे,” काका म्हणाले. “हाथ में मत दो, बेन. नीचे रखो, वो उठा लेगा. झगडा होता है घर में.”

“होने दो ना, काका. बहोत दिन हो गये.”

ललितनं कात्री उलटसुलट करून पाहिली. उघडली, मिटली. नूतनकडे पाहिलं नाही. मग ती काकांसमोर ठेवली आणि काका जुन्या वर्तमानपत्रात ती गुंडाळू लागले.

“आनि काया दोरा?” ललितनं विचारलं.

“कसाना दोरा?”

“सांगेल व्हता ना तुले. सरी गया तो.” काळा दोरा संपल्याचं आपण सांगितलं होतं, असं त्याचं म्हणणं.

“नही सांगेल.”

“सांगेल व्हता,” तो म्हणाला. आवाज जरा चढला होता. लेक पाणी प्यायची थांबली आणि दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघू लागली.

“नही सांगेल,” नूतन त्याच्याहून मोठ्यानं म्हणाली.